जर्सी कुणाची, शेजार कुणाचा

२४ एप्रिल २०२४ च्या रात्री मी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर होतो. आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची, उपांत्य फेरी, एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी, दोन सामन्यांतला पहिला. घड्याळ नव्वदावर येत होतं, गोवा दोन-शून्यने पुढे होता, आणि पार्किंगमधली गर्दी चुकवावी म्हणून माझ्या शेजारचे गृहस्थ स्कूटरची चावी काढून उठलेसुद्धा होते. पुढच्या सहा-सात मिनिटांत मुंबईने तीन गोल घातले. चावी हातातच राहिली. वीज गेल्यावर घर गप्प होतं तसं स्टेडियम गप्प झालं, आणि आमच्या दोन ओळी पुढे बसलेली तीन पोरं शर्टाची बटणं सोडून आतली आकाशी जर्सी दाखवत नाचायला लागली. ओरडत होती मराठीत. "वच तुज्या मुंबयक!" मागून आवाज आला. दुसऱ्या दिवशी वेर्ण्याला कँटीनमध्ये माझा सहकारी चहाचा कप टेबलावर टेकवत म्हणाला, "जिखले मरे तुमचे!"

तुमचे! मी कोल्हापूरचा. मुंबईच्या संघावर माझं प्रेम असायचं काही कारण नाही. कोल्हापूरकराला एकूण मुंबईबद्दल काय वाटतं ही तर घरात दार लावून बोलायची गोष्ट. शेजारी बसलेला माझा दहा वर्षांचा मुलगा जन्माने मडगावचा, अंगात केशरी जर्सी, रडकुंडीला आलेला. पण बोली ऐकून आमचा हिशेब आधीच मांडून झाला होता.

पाहुण्या संघाचे पाठीराखे फातोर्ड्यात उठून दिसले की हा वाद नव्याने पेटतो. २० मार्च २०२२ ला हैदराबाद आणि केरळा ब्लास्टर्स यांची अंतिम लढत इथे झाली तेव्हा गॅलऱ्या पिवळ्या झाल्या होत्या आणि मडगावकर आपल्याच गावात पाहुणा वाटत होता. एक बाजू म्हणते, वीस वर्षं इथलं खाता, इथलं पाणी पिता, मग ओरडताना बरे तिकडचे होता? दुसरी म्हणते, तिकीट काढलंय, खेळच तर आहे, वाटेल त्याच्या नावाने ओरडू. मला दोन्ही पटत नाहीत. कोण कुणाच्या नावाने ओरडतो यावरून माणसाची निष्ठा मोजणं अन्यायाचं आहे, आणि त्यातून हाती काही लागतही नाही. पण बाहेरून आलेला माणूस मैदानाचं काहीच देणं लागत नाही, हेही खरं नव्हे. त्याने तिथे यायला हवं आणि तिथली रीत शिकायला हवी. एवढं केलं की त्याने जर्सी कुठल्या रंगाची घालावी, हे विचारायचा हक्क कुणाला उरत नाही.

आधी गोंयकाराचं, म्हणजे मूळ गोवेकराचं, म्हणणं, कारण ते आपल्याकडे कुणी नीट ऐकून घेत नाही. १६ जानेवारी १९६७ ला इथे जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणून फुलाच्या चिन्हावर १,३८,१७० मतं पडली, वेगळा राहावा म्हणून दोन पानांच्या चिन्हावर १,७२,१९१. फरक चौतीस हजारांचा. पुण्या-कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला ही तारीखही ठाऊक नसते. मडगावच्या सासष्टी तालुक्यातल्या घरात ती आजोबांच्या तोंडून ऐकलेली असते. 'मुंबई' हा शब्द त्या कानांना नुसत्या शहराचं नाव म्हणून ऐकू येत नाही. ज्या घरात आपल्याला धाकटी जाऊ म्हणून नेणार होते, त्या घराचं ते नाव. त्यात जमिनींचे सौदे, डोंगरउतारांवर उभ्या राहिलेल्या वसाहती, पंचायतीत ऐकू येणाऱ्या अनोळखी भाषा. फुटबॉल ही उरल्यासुरल्या गोष्टींपैकी एक, जिथे हे टीचभर राज्य देशाला मान वर करायला लावत होतं. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत राष्ट्रीय लीगचं अजिंक्यपद आठ वेळा गोव्यात आलं: धेंपो, चर्चिल, साळगावकर. त्या अंगणातही कुणी येऊन आपल्या हरण्यावर नाचतो, तेव्हा पित्त खवळणं मी समजू शकतो. त्या तीन पोरांच्या जागी मी असतो तर तोंड मिटून बसलो असतो.

पण राग समजणं वेगळं आणि रागातून काढलेला नियम मान्य करणं वेगळं. हा नियम काही फातोर्ड्यात जन्मलेला नाही. १९९० मध्ये ब्रिटनच्या नॉर्मन टेबिट यांनी तो जाहीरपणे मांडला होता: इंग्लंडमध्ये राहणारे आशियाई क्रिकेट सामन्यात कुणाला पाठिंबा देतात ते बघा, म्हणजे ते कुठले ते कळेल. 'क्रिकेट टेस्ट' हे नाव त्यालाच पडलं. त्यावेळी आपण सगळे भारतीय खवळलो होतो. साउथॉलचा पंजाबी माणूस कर भरतो, दुकान चालवतो, मुलं तिथल्या शाळेत घालतो. तो सुनील गावसकरवर प्रेम करतो म्हणून परका कसा? हा आपला तेव्हाचा सवाल. मग तो म्हापशातल्या मल्याळी नर्सला, पर्वरीतल्या मराठी कारकुनाला का लागू नाही? हो, या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. मद्रासमध्ये जन्मलेला नासिर हुसेन इंग्लंडचा कर्णधार झाला आणि २००१ मध्ये त्यानेच खंत बोलून दाखवली की इंग्लंडमध्ये जन्मलेले आशियाई आपल्या संघामागे का उभे राहत नाहीत. त्याचं दुखणं खरं होतं. मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला गॅलरीतला परकेपणा टोचतोच. पण दुखणं खरं असलं म्हणून औषध बरोबर ठरत नाही. मागणी करून मिळवलेली टाळी वाजवणाऱ्याच्याही मनात राहत नाही.

शिवाय प्रेक्षकाला जन्मावरून जागा नेमून दिली की काय होतं, हे मुंबईनेच एकदा करून पाहिलंय. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे संघ पाडून खेळली जाणारी चौरंगी, पुढे पंचरंगी स्पर्धा. क्रिकेट उत्तम होतं, गर्दी अफाट. १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम नवं होतं आणि हिंदूंच्या संघाने माघार घेतली. कारण काय, तर आपल्या जिमखान्याला गॅलरीतल्या जागा पुरेशा दिल्या नाहीत! चेंडू-बॅट राहिली बाजूला, भांडण झालं खुर्च्यांच्या वाटणीवरून. १९४० मध्ये गांधीजींनी या सामन्यांविरुद्ध मत दिलं, आणि आणखी सहा वर्षांत स्पर्धा कायमची बंद झाली. फातोर्ड्यात आज कुणी धर्मावरून खुर्च्या वाटत नाही, मान्य. पण 'इथल्यांनी इथे, बाहेरच्यांनी त्या कोपऱ्यात' हे वाक्य मी गेटवर स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि ते बोलणाऱ्याला त्यात वावगं काही वाटत नव्हतं.

या कसोटीचं आणखी एक वैगुण्य म्हणजे ती म्यानात राहत नाही. एकदा उपसली की कुणावरही चालते. डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुटला क्रिस्तियानो रोनाल्डोचा पुतळा उभारला तेव्हा काळे झेंडे घेऊन माणसं आली: गोवामुक्तीला साठ वर्षं होताना पोर्तुगीज खेळाडूचा पुतळा कसला उभारता? विश्वचषकात सासष्टीतल्या बाल्कांववर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, पोर्तुगालचा झेंडा लागला की दरवेळी कुणीतरी विचारतंच, हे भारताचे आहेत ना? माझ्या ओळखीच्या एका फेर्नांडिसबाबला हा प्रश्न ऐकला की घाम फुटतो. त्याच्या दृष्टीने तो झेंडा लुईस फिगोचा, बापाबरोबर ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढे काढलेल्या रात्रींचा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचा याच्याशी काय संबंध? त्याचं मला शंभर टक्के पटतं. मग त्यानेच त्या पोरांची आकाशी जर्सी तेवढ्याच उदारपणे का बघू नये?

इथे गोंयकार मित्र एक नेमकं उत्तर देतात, आणि ते सहज उडवून लावता येणारं नाही. ते म्हणतात, आम्ही जगभर गेलो आणि जिथे गेलो तिथले झालो. खरं आहे. मोंबासात जन्मलेला सेराफिनो आंतांव १९६२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत केनियासाठी धावला, शंभर आणि दोनशेवीस यार्डांत दोन सुवर्णपदकं घेऊन आला. कराचीचा गोवन वॉलिस मथायस पाकिस्तानच्या कसोटी संघातला पहिला बिगरमुस्लिम खेळाडू. याहून 'तिथलं होणं' कसलं असतं? पण क्रम बघा. आंतांवला आधी ट्रॅक मिळाला, मथायसला आधी पिच. ओरडून दाखव, मग आत घेतो, असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि जे पदकांपर्यंत पोचले नाहीत, त्या हजारोंचं काय? मुंबईत धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, राहणारे खलाशी आणि आचारी गावागावाप्रमाणे कूड करून राहिले. कूडच गावाची, भिंतीवर सायब, म्हणजे संत, तोही गावचा. कुवेतमध्ये गोंयकारांनी क्लब काढले ते आपल्या गावांच्या नावांनी, आणि शुक्रवारच्या सुट्टीत वाळूत ते एकमेकांशी खेळले. मुंबईने त्यांना कधी विचारलं नाही की तुम्ही इथल्या संघामागे का नाही. विचारायला हवं होतं असं कुणाला वाटतं का?

परक्या गावात आपलं जुनं नाव घेऊन उभं राहणं म्हणजे त्या गावाशी बेइमानी, ही समजूत कोलकात्याने तर पार उलटीपालटी केली. ईस्ट बंगाल क्लब १९२० चा. नावातच 'आम्ही इथले नाही' अशी पाटी. फाळणीनंतर घरदार गमावून आलेल्या लाखो माणसांनी त्या लाल-सोनेरी रंगाखाली आसरा घेतला. समोर मोहन बागान, म्हणजे घोटी, मूळचे. हिलसा विरुद्ध कोळंबी असं ते भांडण स्वयंपाकघरापर्यंत गेलं. आज ईस्ट बंगालवाचून कोलकात्याचा फुटबॉल कुणी कल्पून दाखवावा. निर्वासितांनी शहराचा क्लब स्वीकारला असता तर शहराला एक गर्दी मिळाली असती. त्यांनी आपला आणला, आणि शहराला शंभर वर्षांचं भांडण मिळालं. फुटबॉलमध्ये भांडणाची किंमत गर्दीपेक्षा जास्त.

जाता जाता, आमच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा एक मुद्दा मला अजिबात आवडत नाही: फुटबॉलच मुळी १८८३ मध्ये शिवोलीला फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या आयरिश पाद्रीने आणला, तोही बाहेरचाच, मग तुम्ही कोण मोठे? ही वकिली झाली. खेळ कुणीही आणो, शेतात पाय फोडून घेऊन तो आपलासा केला ज्यांनी, त्यांचाच तो. त्यापेक्षा त्या एप्रिलच्या रात्रीचाच हिशेब घ्या. मुंबईचे तिन्ही गोल छांगटे आणि विक्रम प्रताप यांचे, पैकी छांगटे मिझोरामचा. गोव्याचा पहिला गोल मणिपुरच्या बोरिस सिंगचा. गोव्यासाठी दुसरा गोल घालणारा ब्रँडन फेर्नांडिस अस्सल गोंयकार, आणि दोन-तीन महिन्यांत तो मुंबई सिटीकडे गेला. खेळाडू बदली घेऊन जाऊ शकतो, आणि फक्त गॅलरीतल्या माणसाने आयुष्यभर एकाच गादीचं राहायचं, हे कुठलं गणित?

आता आमच्या लोकांकडे वळतो, कारण खरं सांगायचं तर मला राग तिकडचाच जास्त आहे. 'खेळच तर आहे' असं म्हणणारा माणूस सामना बघायला गेलेला असतो, पण कुठे आलोय हे त्याने बघितलेलं नसतं. मीही असाच होतो. कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही तालमींची नावं. कुस्तीच्या हौदाशेजारी फुटबॉलचे बूट वाळत पडलेले. शाहू स्टेडियमवर ज्याने त्याने आपापल्या तालमीच्या बाजूला बसायचं, शत्रुपक्ष पार समोर. त्यामुळे जिभेला लगाम नाही. शिवी मैदानाच्या मध्यावर जाऊन पडते, कुणाला लागली ते दिसत नाही. हलगी कडाडत असते, आणि 'ईर्षा' हा शब्द आम्ही कौतुकाने वापरतो. शिट्टी वाजली की पोलीसच सगळ्यांना घरी पाठवतात.

गोव्यात येऊन वर्ष झालं असेल. सासष्टीतल्या एका गावात रविवारी संध्याकाळी दोन वाड्यांचा सामना होता. भात कापून सुकलेलं शेत, गोलपोस्टला मासळीची जुनी जाळी, आणि दोन्ही वाड्यांची माणसं एकाच मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, मिसळून उभी. कोण कुणाचा हे मला कळेना, पण एक बाजू धरल्याशिवाय कोल्हापुरी माणसाला सामना बघताच येत नाही. पिवळ्यांच्या डाव्या बॅककडून सोपा बॉल सुटला आणि मी घसा फोडून ओरडलो, "आरं ए, पाय काय गळ्यात घालून आलायस व्हय?" कोल्हापुरात यावर हशा पिकला असता. इथे आजूबाजूची दहा-बारा माणसं एकदम गप्प झाली. खांद्यावर एक हात आला. एक म्हातारा, तोंडात विझलेली विडी. "पात्रांव, रेफ्रीक कितेंय म्हण. भुरग्याक नाका. आवय हांगाच आसा." आई इथेच होती. माझ्या उजव्या हाताला, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर घडी घातलेला टॉवेल घेऊन. ती एक शब्द बोलली नाही. खुर्ची उचलली आणि दोन वीत पलीकडे सरकवून बसली.

त्या दोन वितींचं अंतर कमी करायला मला दोन हंगाम लागले. रेफ्री सगळ्यांचा, त्याला हवं ते म्हणा. पोरगा मात्र कुणाचा तरी असतो. बॉल शेजारच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, गेला तर आणायला धावणाऱ्यात पाहुण्यानेही असावं. शिट्टी वाजली की लगेच निघायचं नाही, हे तर मला फार उशिरा कळलं. सामना नव्वद मिनिटांचा, त्यावरची चर्चा तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, टॅव्हर्नच्या पायरीवर पुढचा तासभर. तिथे हरलेल्याला आधी बोलू द्यायचं असतं. मी पहिलं वर्षभर शिट्टी झाली की स्कूटरला किक मारून निघत होतो आणि वर म्हणत होतो, हे लोक आपल्याशी बोलत नाहीत.

या रीती तिकिटामागे छापलेल्या नसतात. त्या शिकायला 'फोर्सा गोवा' अशी घोषणा द्यावी लागत नाही, केशरी घालावं लागत नाही. त्या तीन पोरांचं चुकलं असेल तर ते इथे. आकाशी जर्सी घालणं हा गुन्हा नव्हता. उलट ती नव्वद मिनिटं शर्टाखाली दडवून ठेवावी लागली, हीच मडगावला खाली बघायला लावणारी बाब. पण दोन ओळी मागे एक पोर ओठ चावत बसलंय हे वळून न बघता नाचणं, हे न शिकल्याचं लक्षण.

आणि निष्ठेची भाषा बोलणाऱ्यांनाही हाच हजेरीचा कागद दाखवावा म्हणतो. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, धेंपोही थांबले. तेव्हा आमच्यापैकी कुणी भायल्याने, म्हणजे बाहेरच्याने, त्यांना हाकललं नव्हतं. गोव्याच्या प्रोफेशनल लीगचा सामना असला की म्हापशाच्या धुळेर मैदानावर जाऊन बघा. कामाच्या दिवशी दुपारी किती माणसं असतात ते मोजायला दोन हातांची बोटं पुष्कळदा पुरतात. त्यात हमखास दिसणारा एक निवृत्त बिहारी वॉचमन आहे. चणे खातो, एकाही संघाचं नाव त्याला नीट घेता येत नाही, पण ऑफसाइड बरोबर पकडतो. स्थानिक फुटबॉलला आधार कुणाचा, त्याचा की वर्षातून एकदा फातोर्ड्याला येऊन दुसऱ्यांची जर्सी तपासणाऱ्याचा?

एक खुलासा करायलाच हवा, नाहीतर फोंडा-डिचोलीचे वाचक मला सोडणार नाहीत. गोव्यात मराठी बोलणारा म्हणजे बाहेरचा, असं नाही. सकाळी मराठी पेपर, जत्रेला मराठी नाटक, आणि संघ गोव्याचाच, अशी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. विलीनीकरणाचा झेंडा खांद्यावर घेतलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाच्या सुवर्णचषकासाठीच इथले क्लब जीव टाकून खेळत होते. भारताचा कर्णधार झालेला गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर याच मातीतला. त्यांना 'तुमचे' म्हणून आमच्या टोपलीत टाकणं हा त्यांचा अपमान, आणि आमच्या टोपलीचा फुकटचा मान.

त्या रात्रीची एक गोष्ट मात्र मी वर गाळली. "वच तुज्या मुंबयक" हा आवाज मागून आला, हे खरं. पण लगेच त्यामागोमाग तेच शब्द माझ्या डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवरून आले. माझा मुलगा खुर्चीवर उभा राहून, डोळ्यांत पाणी, तेच ओरडत होता. उच्चार अस्सल सासष्टीचा. ती पोरं वळली, त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांतल्या एकाने मला मराठीत विचारलं, "काका, तुम्ही कुठले?"

परत येताना स्कूटरवर तो मागून म्हणाला, "बाबा, पण ते खरंच मुंबईचे होते ना?" मी म्हटलं, हो. मग घर येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. रविवारी त्याला मेरेवर घेऊन गेलो. तो म्हातारा आता नाही. ती बाई आहे. तिच्या मुलाचा मुलगा खेळतो. पिवळ्यांकडूनच.